दुपारची गोळी

दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी न्हावा शेवा बंदरातल्या चार नंबरच्या क्रेनखाली लोंबणारा कंटेनर हवेतच थांबला. सत्त्याण्णवचा जानेवारी होता, रमजानचा दुसरा आठवडा.

खाली ट्रेलर तयार होता. त्याच्या शेजारी पिवळं हेल्मेट घातलेला भगवान वॉकी-टॉकी तोंडाशी धरून वर बघत होता.

"अब्दुल्लाभाई, सोडा ना खाली. ट्रेलरवाला शिव्या घालायलाय."



वर क्रेनच्या केबिनमध्ये अब्दुल्लाला ते ऐकू आलं होतं, पण पाण्याखालून आल्यासारखं. केबिनची जमीन काचेची. पायांखालच्या त्या काचेतून तो सात वर्षं जग बघत आला होता. जहाजाचं उघडं पोट, रंगीत ठोकळे, माणसांची नुसती डोकी. आज ती काच विरघळत चालली होती. खाडीवरचं धुकं दुपार झाली तरी उठलं नव्हतं आणि आता ते आत येऊन त्याच्या मांडीवर बसलं होतं. कंटेनर सावकाश झुलत होता. लेक अफिफा तान्ही असताना तिच्या पाळण्याची दोरी अशीच त्याच्या हातात असायची. दोरी सोडली तरी पाळणा आपल्या नादात थोडा वेळ चालत राहायचा.

"अब्दुल्लाभाई! झोपलात काय?"

त्या हाकेसरशी काचेत पिवळं हेल्मेट पुन्हा दिसलं. कंटेनरच्या अगदी जवळ.

"भगवान, बाजू हो," तो म्हणाला. जीभ टाळूला चिकटत होती. "सगल्यांना बाजू कर. माजं डोकं ठिकाणावर नाय."

भगवानने वाद घातला नाही. माणसं हटवली, ट्रेलर पुढे काढायला लावला. रिकाम्या फरशीवर कंटेनर इंचाइंचाने उतरला आणि टेकला. मग अब्दुल्लाने क्रेन बंद केली. खुर्चीतून उठला तेव्हा समोरचं सगळं काळं झालं. त्याने कठडा धरला आणि परत बसला. दोघांनी वर जाऊन त्याला लिफ्टने खाली आणलं.

बंदराच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याला आडवं केलं, पायांखाली उशी दिली. दंडाला पट्टा बांधून प्रेशर मोजलं, मग दुसऱ्या दंडावर मोजलं.

"फारच कमी आहे."

"कमी? माजं तर जास्त असतंय."

"म्हणूनच विचारते. गोळ्या कशा घेता?"

मागच्या पावसाळ्यात वार्षिक तपासणीत त्याचं प्रेशर जास्त निघालं होतं. सकाळ, दुपार, रात्र अशी एकेक गोळी ठरली आणि त्या गोळ्यांच्या भरवशावर केबिन त्याच्याकडे राहिली. त्याने एकही चुकवली नाही. रमजान लागला तेव्हा प्रश्न दुपारच्या गोळीचा आला. दवाखान्यात विचारायला जावं, तर त्यांना त्याच्या प्रेशरची आठवण व्हायची आणि ते त्याला खाली उतरवायचे. मग त्याने स्वतःच तोड काढली. दुपारचं जेवण, दुपारचं पाणी पहाटे सहरीलाच पोटात भरायचं असतं, तशी दुपारची गोळीही पहाटेच, सकाळच्या गोळीबरोबर घ्यायची. पहिल्या आठवड्यात शरीर पिसासारखं हलकं झालं. ते रोज्याचं हलकेपण आहे असं त्याला वाटलं. त्याला ते आवडलंही होतं.

"दोन गोळ्या एकदम, त्यावर दिवसभर पाणी नाही," बाई म्हणाल्या. "रमजानच्या आधी यायचं होतं ना. दिवसातून एकदाच घ्यायची गोळी असते. ती रोजा सोडल्यावर घेता आली असती."

"विचारलं असतं तर वर चढू दिलं असतं काय?"

"मोजून ठरवलं असतं." त्यांनी दंडाचा पट्टा सोडला. "आता वर चढणं बंद. मी सांगेपर्यंत. आणि आजचा रोजा सोडा. पाणी प्या."

रमजान लागल्यापासून भगवान स्वतःचा डबा घेऊन यार्डाच्या पलीकडे जाऊन जेवत होता. अब्दुल्लाच्या देखत त्याने पाण्याचा घोटही घेतला नव्हता. तोच आता मिठा-साखरेचं पाणी घेऊन आला, ग्लास त्याच्या हातात दिला आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

अब्दुल्लाने खिडकीतल्या उन्हाकडे पाहिलं. ओठांत बिस्मिल्ला म्हणून ग्लास तोंडाला लावला.

"गावात सांगू नको," तो म्हणाला.

"काय सांगायचंय? पाणीच पिलात ना. गुत्त्यावर सापडला न्हाईत."

अब्दुल्लाला हसू आलं. मग डोळे भरले, म्हणून त्याने ते मिटून घेतले.

संध्याकाळी बेलापूर गावातल्या घरी बतूलने सगळं ऐकून घेतलं. तिने आवाज चढवला नाही.

"आजारी मानसाला सूट हाय. सुटलेला रोजा नंतर धरता येतो. तुमी वरून पडला असता तर?"

"त्यापेक्षा गोलीच बंद करतो. तिच्यापायीच झालं सगलं."

"बाईंनी काय सांगितलंय? बंद करायची नाय, वाढवायची नाय, ठरल्या वेलेला एक. मनाचा कारभार बास झाला, अफिफाच्या अब्बा."

अजान झाली. मुलीने खजूर पुढे केला. आज त्याला खजुराचा हक्क नव्हता असं वाटून त्याने हात आखडला, तेव्हा बतूलने तो त्याच्या तळहातावर ठेवला. शेजारी बाईंनी दिलेली नवी गोळी ठेवली. एकच.

आता तो यार्डात कंटेनरांवरचे नंबर वाचतो. खालून बघताना कंटेनर फार मोठे दिसतात, हे त्याला नव्याने कळलं. चार नंबरच्या क्रेनवर नंदकिशोर नावाचा तरणा ऑपरेटर आलाय. केबिनमध्ये खिळ्याला अब्दुल्लाची नमाजाची टोपी तशीच राहिली होती. "खाली आणायला सांगू का?" असं भगवानने विचारलं.

"राहू दे," अब्दुल्ला म्हणाला. "घरी दुसरी हाय."

गुरुवारी बाईंनी पुन्हा प्रेशर मोजलं. आकडा बरा होता. चढायचं कधी, असं त्याने विचारलं नाही. त्यांनी कागदावर लिहिलं: आणखी एक आठवडा, मग बघू.

टोपी अजून वरच आहे.