वडिलांचं उत्तर

दर गुरुवारी चारच्या ठोक्याला फोन वाजायचा आणि शिंप्याची लेक तो उचलून मागच्या खोलीत पळायची. दार लोटून घ्यायची वर. लग्न ठरलेली पोर, आणि ही कसली थेरं? शिंप्याच्या मनात पाल चुकचुकली. बायको असती तर तिने एका दिवसात छडा लावला असता. पण ती जाऊन सहा वर्षं झालेली, आणि बापाने लेकीला असलं विचारायचं तरी कसं?

या गुरुवारी त्याने फोन अस्तराच्या ढिगाखाली दडवला. घरात फोन तो एकच. लेकीने शोध शोध शोधला आणि शेवटी तशीच कपडे पोचवायला गेली. चारला फोन वाजला. शिंप्याने चष्मा लावला. आता सापडलास, लेका!

मेसेज आरोग्य केंद्राचा होता. ‘एचआयव्ही टाळूया : प्रश्न सहावा.’

तेव्हा कुठे त्याला आठवलं. नर्सबाई आल्या होत्या, दर गुरुवारी फोनवर एक प्रश्न तरुणांना आणि एक घरातल्या मोठ्यांना, असं काहीतरी सांगत होत्या. तोंडात टाचण्या धरून त्याने नुसती मान डोलावली होती. मग मोठ्यांची उत्तरं कोण देत होतं?

तो मागे मागे वाचत गेला.

‘मुलीशी या विषयावर बोलता का?’ वडिलांचं उत्तर : ‘हो, मोकळेपणाने.’

‘ती घाबरली तर?’ ‘आधी माझ्याकडेच येईल.’

बापरे! असलं काही तो जन्मात बोलला नव्हता.

गेल्या आठवड्यात लेकीने स्वतःच्या उत्तरात लिहिलं होतं, ‘लग्नाआधी दोघांची तपासणी हवी. पण मुलाकडच्यांना सांगणार कोण?’ आणि खाली वडिलांचं उत्तर : ‘मी सांगेन.’

शिंप्याला स्वतःची लाज वाटली.

लेक परतली, त्याच्या हातात फोन पाहून पांढरीफटक पडली. “बाबा, मी ते...”

“व्याह्यांना फोन लाव.”

“काय सांगणार?”

“मी लिहिलंय तेच.”

व्याही सगळं ऐकून भडकले. “म्हणजे आमच्या पोरावर संशय घेताय?”

“संशय मी माझ्या लेकीवर घेतला, महिनाभर,” शिंपी म्हणाला. “तुमच्याकडे फक्त तपासणी मागतोय. दोघांची. त्याशिवाय लग्न नाही.”