मास्तरांनी निवडलेलं बायबल

ठाण्यात इंग्रजी म्हणजे त्र्यंबक मास्तर, असं मास्तर सोडून इतरही लोक म्हणायचे, हे विशेष. मासुंदा तळ्यावर ते फिरायला निघाले की वकील मंडळीसुद्धा त्यांच्यासमोर इंग्रजी शब्द जपून वापरत. मराठी ख्रिस्ती मंडळीच्या छोट्या देवळात सणासुदीला इंग्रजी शास्त्रपाठ व्हायचा, तो वर्षानुवर्षं मास्तरांचाच. बायबलचं साडेतीनशे वर्षांपूर्वीचं ते इंग्रजी भाषांतर, त्यातले भारदस्त शब्द आणि वर मास्तरांचा खर्ज! ऐकणाऱ्यांची छाती फुगायची. कळलं किती, हे विचारायची मात्र रीत नव्हती.

मग कोलशेतकडे कारखाने आले आणि त्यांच्याबरोबर मद्रास-त्रावणकोरकडची तरुण ख्रिस्ती पोरं आली. त्यांना मराठी येईना, म्हणून देवळाचे पाळक प्रभाकर यांनी रविवारी संध्याकाळी इंग्रजी उपासना सुरू करायचं ठरवलं. मुंबईहून त्यांनी आजच्या, सोप्या इंग्रजीतलं नवं बायबल पाहण्यासाठी मागवलं. व्यासपीठावर जुनं ठेवायचं की नवं, हे मास्तरांनी ठरवावं, असं मंडळीच्या पंचांनी एकमताने सांगून टाकलं.

मास्तरांना हा मान सुखाचा वाटला नाही. दाराला कडी लावून त्यांनी नवं पुस्तक मोठ्याने वाचून पाहिलं होतं. डोळे नव्या पानावर आणि तोंडात जुनेच शब्द! चार वेळा सुरुवात केली, चारही वेळा जीभ जुन्या वाटेला गेली. नवं आलं तर आपलं वाचन संपलं, एवढं त्यांना स्वच्छ दिसत होतं. आणि वाचन गेलं तर मास्तरांकडे उरणार काय, सकाळचं फिरणं?

तेव्हा त्यांनी वर्गातली आपली जुनी कसोटी काढली. उतारा एकदा वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि ऐकणाऱ्याने तो मराठीत सांगायचा. ऐकायला बसवलं मंदाकिनीबाईंना, म्हणजे बायकोला. बाई वाल सोलत होत्या. लग्नाआधी मिशनच्या बोर्डिंगात त्या इंग्रजी शिकल्या होत्या, चांगल्या वाचायच्याही. सासरी आल्यावर एकदा नवऱ्यापुढे वाचायला बसल्या, तर त्याने एका ओळीत तीनदा अडवलं. त्या हसल्या, पुस्तक ठेवलं आणि पुन्हा कधी त्याच्यासमोर तोंड उघडून वाचलं नाही.

मास्तरांनी जुन्यातून हरवलेल्या मेंढराची गोष्ट वाचली. बाईंनी ती मेंढपाळाच्या आनंदासकट घडाघडा सांगितली. मास्तर खूश झाले. निकाल लागला, जुनं उत्तम कळतं!

"अहो, ही गोष्ट मला चार वर्षांची असल्यापासून येते," बाई म्हणाल्या. "तुम्ही ती चिनी भाषेत वाचली असती तरी सांगितली असती. मला पाठ नसलेलं काहीतरी वाचा."

मास्तरांनी जरा घुश्श्यातच बायबलातल्या प्रेषित पौलाच्या एका पत्रातला अवघड उतारा काढला. जुन्यातून वाचला, तेव्हा बाई नुसत्या बघत राहिल्या. मग नव्यातून वाचायला घेतला, जीभ आवरत, अडखळत. अर्ध्यावरच बाईंचा हात वालाच्या टोपल्यात थांबला.

"म्हणजे तो म्हणतोय, आम्ही तुमच्याशी मन मोकळं केलं, तुम्हीच आखडून बसलात. आता तुम्हीही जरा मोकळे व्हा." त्यांचा चेहरा उजळला होता. "इतकं साधं लिहिलंय होय त्याने? इतकी वर्षं मला वाटायचं, माझंच डोकं कमी."

वर्गातल्या पोरांना कळलं नाही तर ते पोरांवर ओरडत. घरातलं माणूस इतकी वर्षं स्वतःवरच ओरडत होतं, हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं. जेवताना त्यांनी बाईंना एकच गोष्ट विचारली. बाईंनी आधी नाही म्हटलं, मग बराच वेळ वाढप चाललं आणि शेवटी त्या हो म्हणाल्या.

पंचांपुढे मास्तरांनी नवं बायबल निवडलं आणि त्याच दमात सांगितलं, की वाचतील मंदाकिनीबाई. बाईमाणूस व्यासपीठावर कसं, म्हणून एक पंच कुरकुरले. निर्णय माझ्यावर सोपवलात ना, मग तो अख्खा घ्या, असं मास्तरांनी त्यांना ऐकवलं.

रविवारी बाई हिरव्या काठाचं पातळ नेसून उभ्या राहिल्या. पहिल्या ओळीला आवाज कापला, दुसरीला सावरला. पुढे त्या अशा वाचत गेल्या, जणू समोरच्या बाकावरच्या माणसाला घरची हकिकत सांगताहेत. एका शब्दाचा उच्चार चुकला. मास्तरांचा हात गुडघ्यावरून उठला आणि त्यांनी तो दुसऱ्या हाताने घट्ट दाबून धरला. मागे कारखान्यातली पोरं पुढे झुकून ऐकत होती. मास्तरांना एवढा अभिमान स्वतःच्या वाचनाचाही कधी वाटला नव्हता.

उपासना संपल्यावर बाहेर त्या पोरांतला एक जण हात जोडून जवळ आला. बाईंना इतकं सुंदर इंग्रजी सरांनीच शिकवलं असणार, असं तो म्हणाला. अख्ख्या ठाण्याने हेच म्हटलं असतं, आणि मास्तरांनी ते मानेने मान्य केलं असतं तर कुणी अडवलं नसतं.

"नाही," मास्तर ताठ उभे राहून म्हणाले, "ते ती माहेरून घेऊन आली. माझाच आवाज मोठा होता."