हिरड्याची पुडी केवढी असावी

माण गावचे हैबतराव देण्याच्या बाबतीत कोत्या मनाचे नव्हते. त्यांच्या घराण्यात धान्य मोजताना मापावर शीग लावण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. सपाट माप देणारा मनुष्य आणि पाहुण्याला उपाशी धाडणारा मनुष्य हे त्यांच्या लेखी एकाच पंक्तीतले. म्हणून स्वतःच्या डोंगरपट्ट्यातील हिरड्याचे चूर्ण दुकानात विकण्याचा संकल्प त्यांनी केला, तेव्हा डबा किलोचाच असणार हे जणू विधिलिखित होते. पिरंगुटच्या ज्या परवानाधारक वैद्यांकडे चूर्ण तयार होत होते, त्यांनी "शंभर ग्रॅम पुष्कळ झाले" असे सुचवून पाहिले. हैबतरावांनी त्यांच्याकडे अशा दयार्द्र दृष्टीने पाहिले, की वैद्यांनी निमूटपणे किलो भरून दिला. तोही इतका काठोकाठ, की झाकणे गुडघा देऊन बसवावी लागली.

मारुंजीत शेखरचे औषधांचे दुकान होते. आसपासच्या सोसायट्यांतील नोकरदार मंडळी तेथेच येत. शेखरने सहा डबे नजरेसमोरच्या फळीवर मांडून घेतले, परंतु शब्द मात्र स्पष्ट वापरले.

"आबा, आमच्या दादांची न् तुमची वळख, म्हणून ठेवतोय. ही फळी लई मागणीची हाय. रविवारपतोर एका तरी गिऱ्हाईकानं आपणहून माल घेतला तर जागा तुमची. न्हाईतर डबे घरी."

आता अडचण अशी, की हैबतराव "मारुंजीत फळी मिळाली" असे पारावर आधीच सांगून बसले होते व त्याप्रीत्यर्थ पेढेही वाटले गेले होते. येणेप्रमाणे रविवार हा त्यांच्या नाकाचा प्रश्न झाला.

सोमवारी ते स्वतः दुकानात स्टूल टाकून बसले. सायंकाळी उत्कर्षा नावाची, संगणकाच्या कंपनीत काम करणारी एक तरुणी फळीपाशी थांबली. तिने दोन्ही हातांनी डबा उचलला. हैबतरावांचे हृदय उचंबळून आले.

"घ्या, ताई, घ्या!" चार शेतांपलीकडच्या गड्याला हाक मारण्यात घडलेल्या आवाजात ते म्हणाले, "कितीबी जुनं बद्धकोष्ठ असूद्या, सकाळी येकदम मोकळं!"

रांगेतील सात माणसांनी माना वळवल्या. त्यांतील दोघे उत्कर्षाच्याच कचेरीतले होते.

"नाही हो काका, मला... मला प्रोटीन पावडर वाटली," असे पुटपुटून तिने डबा ठेवला, गरज नसता एक कापसाचे पुडके घेतले व ती अंतर्धान पावली.

"आबा," शेखर कपाळ चोळत म्हणाला, "येवढा डबा बगलंत मारून सोसायटीतनं जायचं म्हंजी दवंडीच की. लिफ्टमदी चार जण इचारत्यात. जरा ल्हान करा."

हैबतरावांनी मन मोठे करून माप लहान केले. पंधरा-पंधरा ग्रॅमच्या, म्हणजे तीन दिवस पुरतील अशा पुड्या करविल्या. तरीही एवढे थोडके देणे त्यांना मानवेना, म्हणून भरपाईदाखल पुडीवर त्यांनी आपले फेटा बांधलेले छायाचित्र छापवून घेतले. त्याने जागा इतकी व्यापली, की किती घ्यावे ही ओळ मुंगीच्या पावलाएवढी उरली. प्रचारार्थ त्यांनी गुरुवारी आपल्या चाळीतील सोळा भाडेकरूंना एकेक पुडी सप्रेम भेट दिली.

शुक्रवारी पहाटेपासून चाळीतील दोन संडासांपुढे बादल्यांची रांग लागली. सात वाजता वरची टाकी कोरडी पडली.

"काका, नऊला माझी मीटिंग आहे!" लातूरहून नोकरीसाठी आलेला ओम पोट धरून ओरडला.

"मंग दम धर की! सगळी पुडी कशापायी खाल्ली रं?"

"फाडली की तोंडात टाकायची, पुडीचं आणखी काय करतात? तुमचा फोटो दिसला, त्याखाली काय लिहिलंय ते कुणाला दिसतंय!"

हैबतरावांच्या पत्नी गोजराबाई ओसरीवर उभ्या राहून त्यांच्याकडे बघत होत्या. "अहो, गावाची पोटं साफ कराय निघालात, न् घरची टाकी साफ केली व्हय!"

इतक्यात डोंगरावरच्या वाडीतील कोंडाबाई हिरड्याचे पोते घेऊन आली. तीच वर्षानुवर्षे हैबतरावांच्या पट्ट्यातील हिरडा वेचत असे. रांग पाहून तिने प्रथम कारण विचारले आणि नंतर पदर तोंडात कोंबून ती पायरीवर बसूनच राहिली.

"दादा," हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "मानूस माप खात न्हाई, पुडी खातो. आमी पळसाच्या पानात येका येळंची बांधतो. गुण आला तर दुसरीला येतोच की माघारी. औषद हाय, लगनाचं जेवान न्हाई."

"येवढुशी? चिमूटभर?" हैबतराव कळवळले. "लोकं म्हणतील, हैबतराव चिकट झाला."

"आता काय म्हनत्यात त्ये ऐका की जरा."

हैबतरावांनी कान दिला. रांगेतून जे शब्द येत होते, ते येथे लिहिण्याजोगे नाहीत. त्यांनी चपला पायांत सरकवल्या व थेट पिरंगुटची वाट धरली.

शनिवारी एका वेळेच्या पुड्या तयार झाल्या. सात पुड्यांची माळ, छायाचित्र वजा, आणि "रात्री एक पुडी" ही ओळ ठळक. ती चिमूट पाहताना हैबतरावांना कुणाच्या दारात हात पसरल्यासारखे वाटत होते.

रविवारी शेखरने माळा हातात तोलल्या. "फळीवर ह्या दिसायच्याबी न्हाईत," असे म्हणून त्याने गल्ल्याशेजारी, दारामागच्या आडोशाला एक खिळा ठोकला व त्या तेथे टांगल्या. "आबा, दुकान बंद हुईपतोर वाट बघू. पर तोंड उघडायचं न्हाई."

दिवेलागणीच्या सुमारास उत्कर्षा आली. ती आडोशापाशी थबकली, "रात्री एक पुडी" वाचू लागली. हैबतरावांचे ओठ विलग झाले. शेखरने डोळे वटारले. त्या क्षणी ह्या पुरुषाने जन्मात केला नव्हता असा पराक्रम केला: भिंतीकडे तोंड फिरवले आणि बाळांच्या लंगोटांच्या पुड्यावरील मजकूर श्वास रोखून पहिल्या अक्षरापासून वाचायला घेतला. पाठीमागे काहीतरी खसकन्‌ ओढल्याचा आवाज झाला. पर्सची चेन उघडली, मिटली. पावले दूर गेली.

"दोन माळा घिऊन गेली," शेखर म्हणाला. "आबा, फळी जाऊद्या. ह्यो खिळा तुमचा."

हैबतराव वळले. पारावर जाऊन आता खिळ्याची गोष्ट कशी सांगावी, हा विचार त्यांच्या मुद्रेवर क्षणभर उमटून गेला. मग त्यांनी पुढे होऊन खिळा दोन बोटांनी हलवून पाहिला. पक्का होता.

"शेखर," घसा साफ करून ते म्हणाले, "हातोडी काढलीच हाय, तर अजून चार ठोक."