फ्रीजला लावलंय

संध्याकाळी साडेसहा. बदलापूरच्या खरवईत भावाच्या फ्लॅटच्या दाराशी मालिनी लेकीच्या सँडलचा बंद सोडत होती. सवयीने हात सईच्या कानामागे गेला. मशीन नव्हतं.

सई सहा वर्षांची. जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ऑपरेशन झालं आणि कानामागे बसणारं मशीन मिळालं. त्याच्या वायरीला एक चकती असते, ती ऑपरेशनमध्ये कातडीखाली बसवलेल्या चुंबकामुळे डोक्याला चिकटते. चकती निघाली की सईला काहीच ऐकू येत नाही.

उद्या सकाळी बदलापूरच्या एका शाळेने तिला भेटायला बोलावलं होतं. साधी शाळा, ऐकू येणाऱ्या मुलांची. जमलं तर मायलेकी सांगली सोडून इकडेच येणार होत्या. पण नव्या गावात शाळेआधी बागा बघायच्या, असं मालिनीचं मत. वर्गात बाई सांभाळून घेतात, घसरगुंडीच्या रांगेत कोण घेतं? म्हणून भाऊ कल्पेश आज दोघींना गाडीतून फिरवत होता. सकाळी उल्हासनगर, दुपारी अंबरनाथ, शेवटी बदलापूर.

"तुझ्याकडे दिलं ना तिने?" मालिनीने विचारलं.

"माझ्याकडे? ताई, मी भेळ आणायला गेलेलो."

"एवढा घोडा झालास, अजून भेळ सुटत नाही!"

"तूच बोललीस, तिखट जास्त टाकायला सांग!"

पिशव्या उलट्या झाल्या, गाडीच्या सीटखाली हात फिरले. नाही.

प्लास्टिकच्या घसरगुंडीवर घासून अंगात वीज साठते, तिने मशीन बिघडू शकतं. म्हणून चढण्याआधी ते काढून मोठ्या माणसाच्या हातात द्यायचं, हा घरचा नियम. आज दोघांनाही वाटलं, ते दुसऱ्याकडे आहे.

मालिनी दिवस आठवत गेली. अंबरनाथला शिवमंदिराच्या घंटेकडे सईने मान वळवली होती, म्हणजे उल्हासनगरात हरवलं नाही. अंबरनाथची घसरगुंडी सिमेंटची, तिथे काढलंच नव्हतं. आणि बदलापुरात जिज्ञासा नावाच्या पोरीने "सई, तुझा नंबर!" अशी हाक मारली, तशी सई धावत सुटली होती. दिवसभरात पहिल्यांदाच कोणी तिला रांगेत घेतलं होतं. ती घसरगुंडी मात्र पिवळ्या प्लास्टिकची.

मालिनी लेकीसमोर उकिडवी बसली, दिव्याकडे तोंड करून. कानामागे बोट लावलं. "मशीन कुठंय?"

सईने ओठ वाचले. "फ्रीजला लावलंय."

कल्पेश स्वयंपाकघरात धावला. फ्रीजच्या दारावर गॅसवाल्याचं स्टिकर होतं, बाकी काही नाही.

"हा नाही, मामा," सई वैतागून म्हणाली. "बागेतला!"

सांगलीला झोपताना सई चकती फ्रीजच्या दाराला चिकटवायची. हरवू नये म्हणून मालिनीनेच ती सवय लावली होती.

"बागेत कुठला फ्रीज, ताई?"

"लोखंडी काहीतरी असेल. चल आधी."

बदलापूरच्या बागेत कल्पेशने झोपाळ्याचे खांब चाचपले, शिडी पाहिली, वाकून कचऱ्याचा डबाही पाहिला. सई आईचा हात ओढत फाटकाशी गेली आणि वडाखाली थांबली. जागा रिकामी होती. खाली आइस्क्रीमच्या काड्या पडल्या होत्या. तिने हवेत हात धरला, स्वतःच्या डोक्याएवढ्या उंचीवर. मग आईकडे पाहिलं.

फाटकावरचे वॉचमन दिनानाथकाका उठून आले. "काय शोधता, बाय?"

"इथे काय उभं होतं, काका?"

"आइस्क्रीमची गाडी. पांढरी पत्र्याची पेटी. सुयोगची हाय. गेला तो, कवाच."

"कुठे?"

"लगनाची ऑर्डर हाय बोलत होता. अंबरनाथ का उल्हासनगर, ते नाय माहीत. नंबर घ्या."

कल्पेशने फोन लावला, स्पीकरवर टाकला. पलीकडे हॉर्नचा गोंगाट.

"हां, काळं काहीतरी चिकटलेलं पेटीला," सुयोग ओरडून बोलत होता. "मला वाटलं पोरांची मस्ती. निघालो तेव्हा होतं ना!"

"आता आहे का? बघा ना, दादा!"

"खड्ड्यांचा रोड आहे, मॅडम. साइडला घेतो, एक मिनिट..."

फोन कटला. कल्पेशने पुन्हा लावला. रिंग वाजत राहिली, फोन कोणी उचलला नाही.

सई फोनकडे बघत नव्हती. ती आईच्या ओठांकडे बघत होती.

सव्वासात वाजता कल्पेशची गाडी अंबरनाथच्या दिशेने निघाली; उल्हासनगरचा रस्ताही तिकडूनच. सुयोगचा फोन तेव्हाही लागत होता, उचलला जात नव्हता. मशीन बदलापुरातून निघताना पेटीवर होतं, एवढंच कळलं होतं.