हात मागं

खोडदच्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी लिनक्स मंडळ भरायचं. नाव ऐकून निम्म्या गावाला आधी ते भजनी मंडळच वाटलं. एक जण तर पेटी कुठाय म्हणून विचारायला वर येऊन गेला. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी फुकटची व्यवस्था. दम टाकलेल्या जुन्या मशीनलाही ती उठवून बसवते. अमृत सर कॉलेजच्या लॅबमधून निवृत्त झाले आणि येईल त्याला ती शिकवत बसले.

मंडळाचा नियम एकच. शिकवणाऱ्यानं हात मागं बांधायचे. तोंडानं सांगायचं, बटणं शिकणाऱ्यानं दाबायची. आता हा नियम काही सरांचा नव्हे, त्यांच्या बायकोचा. उज्ज्वलाबाई मंडळाच्या पहिल्या विद्यार्थिनी. सर घाईनं पुढं झाले, की बाई फटकन हातावर मारायच्या. ‘‘हात मागं घ्या! समदं तुमीच केल्यावर मला काय डोंबल येनार?’’ अख्खी खोली हसायची. पुढं जो तो तेच म्हणायला लागला.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर तापाचं निमित्त झालं आणि उज्ज्वलाबाई गेल्या. सर रडले नाहीत. लोक म्हणाले, खंबीर माणूस. कसला डोंबलाचा खंबीर! दाढ काढायच्या आधी इंजेक्शननं गाल बधिर होतो ना, तसा अख्खा माणूस झाला होता. मंडळातली जुनी पोरगी हर्षाली, तिनं एकदा घरून मासवडी करून आणली. सरांनी खाल्ली. कशी झालीय विचारलं तर म्हणाले, ‘‘काय?’’

रविवार तेवढे चालू होते, सवयीनं. मग एके दिवशी सरांनी ठरवलं, हा शेवटचा. खोलीची किल्ली वाचनालयाच्या रखमाजींना देऊन टाकायची. वाईटही वाटलं नाही. नळ बंद करावा, तसं ठरवलं.

नेमके त्याच रविवारी पिंपरी पेंढारहून यमाजी आपल्या नातीला, दिशाला, घेऊन आले. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी. मेंढरं पोराच्या हवाली करून आलेले.

‘‘मास्तर, हिच्या मामानं ह्ये यंत्र दिलंय,’’ यमाजी म्हणाले. ‘‘कालिजात लागतंय. पन ते उठतच न्हाई. हिला चालवाया जमलं न्हाई तर मामा माघारी नेनार, त्याच्या ऋतिकला देनार.’’

 दिशानं लॅपटॉपची पिशवी दोन्ही हातांनी आवळून धरली होती.

सरांनी पिशवी घेतली, मशीन उघडलं आणि स्वतःच सुरू झाले. शिकवायचं म्हणजे बोलायला हवं, आणि बोलायचं कुणाला होतं! मागून हर्षाली हळूच म्हणाली, ‘‘सर, हात मागं.’’ सरांना ऐकूच गेलं नाही. दिशानं मात्र ऐकलं. सरांची बोटं भराभर चालली. जुनं सगळं पुसलं, नवं चढवलं, नाव टाकलं, पासवर्ड टाकला. मशीन टुणकन उठलं. पोरीचा चेहरा केवढा फुलला! पण ते बघायला सर तिथं होते कुठं? रिवाज म्हणून त्यांनी लिनक्स चढवायचा मंडळाचा पेनड्राइव्ह तिच्या हातात ठेवला आणि सगळ्यांच्या आधी जिना उतरून गेले.

आठवडाभर फोन वाजत राहिला. सर त्याच्याकडे बघत राहिले. शनिवारी किल्ली देऊन टाकली.

रविवारी सर वाचनालयाकडे गेले ते थर्मास आणायला. उज्ज्वलाबाईंचा चहाचा थर्मास वरच राहिला होता. बघतात तर पायरीवर दिशा आणि यमाजी.

‘‘सर, घरी गेल्यावर मशीननं पासवर्ड मागितला,’’ दिशा म्हणाली. ‘‘मी फोन केले व्हते. काय टाकला व्हता तुमी?’’

सरांनी आठवून पाहिलं. काहीसुद्धा येईना. बोटांनी टाकला होता, डोकं तिथं नव्हतंच. किती तरी महिन्यांनी त्यांना आत काहीतरी टोचलं. लाज वाटली, सरळ लाज.

‘‘मामा आला व्हता न्यायला,’’ यमाजी म्हणाले. ‘‘पोरगी म्हनली, रविवारपातूर थांब. संध्याकाळी येतोय तो. आन मास्तर, आमाला उजेडात घर गाठायचंय. वाटंला ऊस हाय, बिबट्या फिरतोय.’’

सरांनी खालूनच हाक दिली. ‘‘रखमाजी! किल्ली आणा!’’

‘‘काल तर दिलीत राव!’’ रखमाजी कुरकुरत आले आणि दार उघडून गेले.

पासवर्डच गेला म्हटल्यावर सगळं पुन्हा पहिल्यापासून चढवायचं होतं. वरच्या खोलीत दिशानं मशीन टेबलावर ठेवलं, वायर लावली, पेनड्राइव्ह खोचला.  एवढं मागच्या खेपेला बघून उचललं होतं, बाकी तिला येत नव्हतं. चाचपडत, दोनदा चुकून ती एका प्रश्नापाशी येऊन थांबली. डिस्कवरचं सगळं पुसायचं का? तिचं बोट बटणावर अडून राहिलं. सरांना राहवेना. एका बटणाचं तर काम! त्यांनी हात पुढं केला.

दिशानं मशीन आपल्याकडं ओढलं. ‘‘सर, हात मागं घ्या. तुमी केलं तर मी परत तुमच्याच दारात.’’

 यमाजी नातीवर डोळे वटारून म्हणाले, ‘‘अगं ए, मास्तर हायेत ते!’’

सरांनी हात मागं नेले. डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं. ती पकड त्यांना जाणवली, मनगट चांगलंच दुखलं. ‘‘दाब,’’ ते म्हणाले. ‘‘दाब, पोरी. आत ठेवण्यासारखं काही नसंल तर दाब.’’

तिनं दाबलं. मग सर एकेक सांगत गेले, ती करत गेली. भाषा निवडली, नाव टाकलं. पासवर्डाची चौकट आली तशी तिनं मान वर केली.

‘‘आता तिकडं बघा, सर.’’

सरांनी तोंड खिडकीकडं फिरवलं. लांबवर खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या डिश आभाळाकडं तोंड करून उभ्या होत्या. मागं पोरगी एकेक अक्षर शोधून दाबत होती. उज्ज्वलाबाईही अशाच दाबायच्या, एका बोटानं, ओठ हलवत. सरांच्या गालांवरून पाणी ओघळलं, हनुवटीवर आलं, सदऱ्यावर पडलं.

‘‘मास्तर, डोळ्यात काय गेलं का?’’ यमाजींनी विचारलं.

‘‘गेलं असंल,’’ सर म्हणाले. पोरीचं अजून झालं नव्हतं, म्हणून हात त्यांनी मागंच ठेवले.