खंड्याची शेपटी

“हूं म्हण बाय. मी गाते, तू हूं म्हण,” मंगळीआजी म्हणायची, आणि समोर बसलेली पोरगी ओठ आवळून हूं म्हणायची.

सुई चाले हातावरी, रडू नको बाय
सोनं राही घरामंदी, गोंदण संगं जाय

कोंडाण्याच्या लेण्यांखालच्या ठाकरवाडीतल्या सगळ्या बायकांचे हात आजीनेच गोंदलेले. तिच्या पाठीला टेकून लहानगा दशरथ ते ठिपके मोजत बसायचा. आजी जाऊन वीस वर्षं झाली. आता कर्जतच्या बाजारात, मोबाइलवाल्याच्या माळ्यावर, दशरथचं टॅटूचं दुकान होतं. आजीच्या नक्षीला कड असायची, दशरथच्या चित्रांना नसे. पेन्सिलीने घाईत ओढल्यासारख्या चार सुट्या रेघा आणि त्यांच्याबाहेर सांडलेला रंग. पाण्याने शाई पातळ करत करत तो निळा कातडीवर असा विरवत नेई, की रंग कुठे संपला ते सापडू नये. लेणी बघायला येणारी मुंबईची पोरं त्याला वॉटरकलर म्हणत आणि त्याच्यासाठी जिना चढून येत. अख्ख्या तालुक्यात असं काम दुसरं कुणी करत नव्हतं.

म्हणून तर पोलिसांनी त्यालाच बोलावलं होतं.

सहा महिने झाले त्याला. लोधिवली गावाच्या खालच्या अंगाला नदीच्या पाण्यात एक माणूस सापडला होता. चेहरा बघण्याजोगा उरला नव्हता, पण हातावर रंगीत पाखरू होतं. वाडीतली आवडी तेव्हा महिनाभर लेकाला शोधत होती. विकास पनवेलकडच्या एका बेकरीत कामाला होता, तिथून सुट्टीवर निघाला तो घरी पोचलाच नव्हता. सरकारी दवाखान्याच्या आवारात आवडी बाहेरच बसली. “मला नाय बघवायचं. तू बघ. चित्र तुजं हाय,” ती म्हणाली.

आत हवालदाराने कापड बाजूला केलं. खंड्या. दशरथनेच काढलेला. चोच, छातीवरचा तांबूस ओघळ, आणि लांबवलेली निळी शेपटी. ती मात्र भाजल्याच्या एका पांढुरक्या चट्ट्याने मधोमध तोडली होती.

“तुझं काम आहे का रे?”

बाहेर वीस पावलांवर आवडी बसली होती. ते उत्तर घेऊन वीस पावलं चालायचं होतं आणि तिच्या ओटीत टाकायचं होतं.

“नाय साहेब,” दशरथ म्हणाला.

बेवारस म्हणून सगळं उरकलं गेलं. त्यानंतर वाडीत गेला की तो आवडीच्या दारावरून न जाता ओढ्याकडची वाट धरायचा.

आणि आज सकाळी, दुकान झाडून होतं न होतं तोच, जिना चढून आवडी स्वतःच आली. धापा टाकत खुर्चीत बसली.

“काय रं दश्या, येवढ्या उंचावर दुकान घातलंस? गिऱ्हाईक वर येईस्तवर म्हातारं होतंय.”

“पानी देऊ का, मावशे?”

“पानी नको. खंड्या काढ.” तिने पदर मागे सारून हात पुढे केला. “माज्या विकासचा हाय तसाच. तो आला म्हंजे मिळवून बघंल.”

दशरथने हातमोज्यांचं खोकं उघडलं, पुन्हा मिटलं. “या वयात कशाला गं? दुखंल.”

“तुज्या आजीनं टोचलं तवा नाय रडले, आता काय रडते?” मग ती भिंतीवरच्या चित्रांकडे बघत राहिली. “वाडीतली समदी म्हनत्यात, त्याचं दिवस घाल. जीव अडकून ऱ्हातो म्हनत्यात. मी सांगते, दशरथानं सोता बघितलंय, तो माजा नव्हं. मग गप बसत्यात.”

दशरथने तिचा हात स्पिरिटने पुसला. आजीचे हिरवे ठिपके कातडीच्या सुरकुत्यांत बुडाले होते. त्यांच्यामधली मोकळी जागा बघून त्याने सुईआधी आखून घ्यायचं निळं पेन उचललं. निदान हात तरी कामात राहील.

“त्याला मी म्हनले व्हते, आईचं नाव काढ,” आवडी बोलतच होती. “तर म्हनतो, नाव कशाला? तू दिसभर वरडतेसच की. आनि रंग तरी कसा सांडलेला. तवा वाटलं, ह्या दश्याकडं पुसायला फडकं नाय का काय.”

दशरथ हसल्यासारखं करून खाली बघत राहिला. चोच झाली. डोळा झाला. विकास खुर्चीत बसून सुईला शिव्या देत होता ते त्याला आठवलं, आणि मग दवाखान्यातला तो हात आठवला. तो आठवला की दुसरं काही दिसतच नसे. पेन आपल्या वाटेने चाललं होतं. शेपटीची रेघ अर्ध्यावर आली, उचलली गेली, आणि बोटभर जागा सोडून पुन्हा सुरू झाली.

आवडीने हात उजेडाकडे वळवला.

“हितं तुटलं कशानं?”

“पेन सुकलं असंल.” त्याने पेन टेकवलं, पण तिने हात मागे घेतला. त्या मोकळ्या जागेवरून तिने बोट फिरवलं. बोलली तेव्हा आवाज अगदी साधा होता, रानातून काय आणलं ते सांगावं तसा.

“त्याचा फोन आल्ता. भट्टीला हात भाजला म्हनला. हसत व्हता. म्हनला, आये, खंड्याची शेपटी जळली, बरोब्बर मधून. त्याच्यामागं तो घरला आलाच नाय. मी सुदीक नाय बघितली ती शेपटी.” तिने मान वर केली. “तू कवा बघितलीस?”

खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं. टेबलावर रंगाचे कप मांडलेले होते. त्यातला निळा त्याने आधीच पातळ करून ठेवला होता.

“मावशे...”

“कवा, रं?”

दशरथने हातातलं पेन खाली ठेवलं.

“तवाच बघितली. त्या दवाखान्यात,” तो म्हणाला. “तो विकासच व्हता, मावशे. मी वळखला व्हता.”