पेट्यांना लागलेला वास

"साबणाची वडी जुनी, वर बोटभर धूळ, आणि भाव मात्र नवा? लाज विकून खाल्लीत का हो भावजी?" भट्टीवाली दुकानाच्या पायरीवरूनच कडाडली.

दुकानदार चिडला नाही. गाव त्याला गोडबोल्या म्हणायचं ते काही उगाच नाही. "वहिनी, कर वाढलाय. सरकार घेतंय, मी कुठं घेतोय? घ्यायचा तर घ्या, नाहीतर ठेवा."

ठेवून करते काय? अख्ख्या गावाचं धुणं धुणारी बाई, साबणाविना काय थुंकीनं धुणार? घेतला मुकाट्यानं. मग तिनंही चादरीमागं थोडा दर वाढवला, तर खानावळवाल्यानं त्याच दिवशी सगळ्या चादरी उचलून नेल्या. "जेवायला येणारेच कमी झालेत, वहिनी. आता आमची मंडळीच धुतील." खानावळ म्हणजे निम्मी भट्टी. ती गेल्यावर पेटवायची कुणासाठी? बाईला रडू आलं नाही, राग आला. करावर नाही. कर वरून आला, त्याचं कोण काय करणार? पण हा मेला जुन्या मालावर नवा कर लावून खातो आणि वर दात काढतो!

आणि गंमत बघा, आठवड्याभरात गोडबोल्या स्वतःच्या पायांनी तिच्या दारात. तपासणीचे साहेब यायचे होते. जुना माल जुन्याच भावानं विकायचा असा हुकूम होता, आणि यानं तर नव्या भावानं विकायला जुन्या चहाच्या पेट्या पार छताला लावल्या होत्या.

"वहिनी, तुमची मागची खोली द्याल? साहेब जाईपर्यंत. तिथं कोण बघायला येतंय?"

"घरचंच समजा, भावजी."

"कोरडी आहे ना?"

"ठणठणीत!"

पेट्या आत आल्या, तो गेला, आणि बाईनं पदर खोचला. साबणाच्या वड्या, शिजवलेल्या साबणाचं पातेलं, ओलं धुणं, सगळं त्या खोलीत नेलं. पेट्यांची झाकणं जरा उचकटली. भट्टीची वाफ तिकडंच सोडली. चहा वास ओढून घेतो हे स्वयंपाक करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. गोडबोल्याच्या दुकानात साबण या टोकाला आणि चहा त्या टोकाला, पण तेही त्याच्या बायकोनं मांडलेलं. त्यानं कधी विचारलंच नव्हतं, असं का म्हणून.

सासू दारातून बघत होती. "अगं, पाप लागेल."

"लागू दे. साबण लावून धुऊन टाकीन."

 मग म्हातारीनं स्वतःच एक ओली गोधडी आणून पेट्यांवर पसरली.

साहेब आले, मोकळ्या फळ्या बघून शेजारच्या गावाला मुक्कामाला गेले. बाईनं झाकणं पुन्हा दाबून बसवली, पेट्या घाईघाईनं दुकानात परत आल्या आणि चहा नव्या भावानं सुटला.

दुसऱ्या सकाळी खानावळवाला किटली घेऊनच दुकानापुढं उभा. "गिऱ्हाइकांनी कप माझ्या डोक्यावर ओतायचे तेवढे बाकी ठेवले! हा चहा आहे की धुण्याचं पाणी?"

बघता बघता गर्दी जमली. "चहा एक नंबर आहे, तुझ्याच भांड्याला वास असेल," गोडबोल्या म्हणाला खरा, पण पायरीशी भट्टीवाली दिसली आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिच्याजवळ येऊन तो दात खात पुटपुटला, "माझ्या पेट्यांचं काय केलंत?"

"कुठल्या पेट्या? मोठ्यानं बोला की भावजी. साहेब शेजारच्याच गावात आहेत, त्यांनाही कळू दे."

गोडबोल्या चटकन मागं सरला.

"एक नंबर आहे ना?" खानावळवाल्यानं कप भरून त्याच्या नाकाखाली धरला. "मग पी, सगळ्यांसमोर!"

प्यावाच लागला. घोट गिळवेना, थुंकायची सोय नाही, डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

खोटं कशाला सांगू, खानावळीच्या चादरी काही परत आल्या नाहीत, आणि साबणही स्वस्त झाला नाही. पण भट्टीवालीनं तो कप तळापर्यंत रिकामा होताना डोळे भरून पाहिला.

"भावजींना दुसरा भरा," ती खानावळवाल्याला म्हणाली. "गरम आहे तोवर पिऊ द्या."